पवनचक्कीचे ते हॉटेल

प्रश्न : चोरबाजारात मला एक जुने पोस्टकार्ड मिळाले. त्यावर पवनचक्की, पोहण्याचा तलाव आणि ‘एल रँचो व्हेगस’ हे नाव आहे. हे हॉटेल आज कुठे आहे?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : ते आता उरलेले नाही. अमेरिकेतील नेव्हाडा राज्याने १९३१ साली जुगार कायदेशीर केला. त्यानंतर दहा वर्षांनी, ३ एप्रिल १९४१ रोजी, कॅलिफोर्नियातील हॉटेलमालक थॉमस हल यांनी लास व्हेगसच्या हद्दीबाहेर, लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या महामार्ग ९१ लगत ते सुरू केले आणि पुढे ‘स्ट्रिप’ म्हणून जगभर गाजलेल्या रस्त्यावरचे ते पहिले कॅसिनो-हॉटेल ठरले. कार्डावरचा तलाव जरा निरखून पाहा : वाळवंटातून तापून आलेल्या मोटारवाल्याला पाणी लांबूनच दिसावे म्हणून तो मुद्दाम रस्त्याच्या बाजूला ठेवला होता, तर रात्रीसाठी पवनचक्कीवर निऑनचे दिवे होते. माणसाची तहान ओळखून केलेली ही मांडणी मला आजही विलक्षण वाटते. १७ जून १९६० च्या पहाटे आगीत कॅसिनोची मुख्य इमारत जळून गेली; ती पुन्हा उभी राहिली नाही. मुंबईची हवा दमट आहे, तेव्हा कार्ड कोरड्या जागी जपून ठेवावे.