मुस्कटदाबी की गळचेपी? आणि ‘सेन्सॉरशिप’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: केंद्र सरकारच्या आदेशावरून एक वृत्तसंकेतस्थळ भारतात दिसेनासं झालं. त्याच्या बातमीत एकाच परिच्छेदात ‘सेन्सॉरशिप’, ‘निर्बंध’, ‘मुस्कटदाबी’ आणि ‘गळचेपी’ असे चार शब्द आले. हे समानार्थी आहेत का? आणि सेन्सॉरशिपला चांगला मराठी शब्द कोणता?

समानार्थी नाहीत. चारांपैकी दोन शब्द घटना सांगतात आणि दोन आरोप करतात. सेन्सॉरशिप आणि निर्बंध कागदावर दाखवता येतात, त्यांना हुकूम असतो, कलम असतं, तारीख असते. मुस्कटदाबी आणि गळचेपी असा हुकूम कुठलंही सरकार काढत नाही. ते शब्द बोलणाऱ्याचा निवाडा असतात. बातमीत ते कुणाच्या तरी तोंडी घालावेत, अग्रलेखात खुशाल स्वतःचे म्हणून वापरावेत.

आता या दोघांतला फरक. मुस्कट म्हणजे तोंड, तेही जरा हिणवून म्हटलेलं. म्हणून ‘मुस्कटात भडकावली’. मुस्कटदाबीत हात तोंडावर असतो. माणूस जिवंत आहे, श्वास चालू आहे, फक्त आवाज बाहेर पडत नाही. ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ या म्हणीतलंही चित्र हेच. मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधतात ते मुसकं, तेही तोंडाचंच. पण पाठीमागे हात जखडणं म्हणजे ‘मुसक्या बांधणे’, आणि इथे बरेच जण घसरतात. ‘सरकारने पत्रकारांच्या मुसक्या आवळल्या’ असं लिहिलं, तर मराठी वाचक त्यांना अटक झाली असं समजेल. बोलू दिलं नाही एवढंच सांगायचं असेल, तर मुसक्या नकोत.

गळचेपीत हात गळ्यावर येतो आणि प्रश्न आवाजाचा न राहता श्वासाचा होतो. वापर पाहिला की हे पटतं. ‘मराठी शाळांची गळचेपी’, ‘लघुउद्योजकांची आर्थिक गळचेपी’ हे आपण सहज म्हणतो. ‘आर्थिक मुस्कटदाबी’ कुणी म्हणत नाही. मुस्कटदाबी ज्याला तोंड आहे त्याची होते: पत्रकारांची, विरोधकांची, वृत्तपत्रांची. गळचेपी अमूर्ताचीही चालते, म्हणून ‘स्वातंत्र्याची गळचेपी’ कानाला खटकत नाही आणि ‘अभिव्यक्तीची मुस्कटदाबी’ किंचित खटकते. बातमीची मात्र दोन्ही होत नाहीत. बातमी ‘दाबतात’ किंवा ‘दडपतात’, आणि ते काम सरकारइतकंच संपादक किंवा मालकही करू शकतो. म्हणून ‘बातमी दाबली गेली’ असं कर्मणी लिहून कर्ता गिळू नये.

गळचेपीचं नेमकं उदाहरण पुण्यातलंच आहे. १९५६ चा किंमत-पृष्ठ कायदा आणि त्याखालचा १९६० चा आदेश यांनी दैनिकांची किंमत आणि पानं यांची सांगड घातली होती. अमुक किमतीला अमुकच पानं, जास्त पानं द्यायची तर किंमत वाढवा. ‘सकाळ’ तेव्हा ७ नये पैशांना मिळे आणि आठवड्यातले बहुतेक दिवस ६ पानांचा असे. आहे तेवढी पानं ठेवायची तर किंमत चढवावी लागणार आणि खप घटणार. किंमत तीच ठेवायची तर मजकूर कापावा लागणार. आदेशात एकाही बातमीचा उल्लेख नव्हता, कुणाचं तोंड दाबलेलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये कायदा आणि आदेश दोन्ही रद्द केले. खप आणि पानं हासुद्धा अभिव्यक्तीचा भाग आहे आणि धंद्याच्या नियमनाचं कारण देऊन त्यावर घाला घालता येत नाही, हे त्याचं सार. १९७२ मध्ये वृत्तपत्र-कागदाच्या वाटपधोरणातली दहा पानांची मर्यादा याच वळणाने रद्द झाली. अलीकडचं उदाहरण मल्याळम वाहिनी ‘मीडियावन’चं. सुरक्षा मंजुरी नाकारून परवान्याचं नूतनीकरण अडवलं गेलं, कारणं बंद लिफाफ्यात न्यायालयाला दिली गेली आणि वाहिनीला ती कळलीच नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. कागद, पानं, परवाना, सरकारी जाहिराती यांच्या वाटेने जे होतं त्याला गळचेपी म्हणावं, असं माझं मत. शब्दकोश इतकी काटेकोर विभागणी करत नाहीत, पण वापराचा कल त्या बाजूला आहे.

मुस्कटदाबीचा नमुना म्हणजे १८७८ चा देशी वृत्तपत्र कायदा, लॉर्ड लिटनचा. तो फक्त देशी भाषांतल्या पत्रांना लागू होता. इंग्रजी पत्रं मोकळी. म्हणूनच कलकत्त्याची ‘अमृत बझार पत्रिका’ रातोरात इंग्रजी झाली. मुद्रक-प्रकाशकाकडून हमीपत्र आणि अनामत घ्यायची, मजकूर आक्षेपार्ह ठरला की ती बुडवायची आणि त्यावर न्यायालयात अपील नाही, अशी रचना होती. अनामत नको असेल तर छापण्याआधी मुद्रितं (प्रुफं) सरकारी अधिकाऱ्याला दाखवण्याची मुभा! विरोधकांनी त्याला ‘गॅगिंग ॲक्ट’ म्हटलं. गॅग म्हणजे खरं तर तोंडात कोंबलेला बोळा. मराठीने बोळ्याऐवजी हात घेतला, एवढाच फरक. लिटननंतरचा व्हाइसरॉय रिपन याच्या काळात तो कायदा मागे घेतला गेला.

या काळाचं जुनं मराठी वाचताना एक खड्डा टाळा. ‘पत्राकडे जामीन मागितला’ असं वाक्य आलं की आजच्या वाचकाला अटक आणि सुटका आठवते. तिथे जामीन म्हणजे सरकारात भरायची रोख अनामत. १९१० च्या वृत्तपत्र कायद्याने हे हत्यार पुन्हा धारदार केलं, आणि शिवराम महादेव परांजपे यांचं ‘काळ’ त्याच वर्षी बंद पडलं ते अशाच जामिनाच्या मागणीमुळे. संपादक तेव्हा तुरुंगाबाहेरच होते.

आता सेन्सॉरशिप. तिचा गाभा ‘आधी’ या एका शब्दात आहे: प्रसिद्ध होण्याआधी सरकारी माणसाने मजकूर पाहायचा आणि हो किंवा नाही म्हणायचं. मराठीत तीन सरकारी शब्द फिरताना दिसतात. ‘अभ्यवेक्षण’ हा कोशातला प्रतिशब्द. अर्थ नेमका, पण उच्चारताना जीभ अडखळते आणि वाचक थांबतो. ‘परिनिरीक्षण’ नाटकवाल्यांच्या रोजच्या वापरातला, कारण महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. ‘प्रमाणन’ चित्रपटांचा: ज्याला आपण अजून सेन्सॉर बोर्ड म्हणतो त्याचं अधिकृत नाव १९८३ पासून केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ असं आहे. नाव बदललं, कात्री तीच राहिली. म्हणून लोकांनीही जुनंच नाव ठेवलं.

वृत्तपत्रांच्या बाबतीत मी ‘प्रसिद्धीपूर्व तपासणी’ सुचवेन, आणि घाई असेल तर सरळ ‘सेन्सॉरशिप’. ‘सेन्सॉर करणे’, ‘सेन्सॉरसंमत’, ‘सेन्सॉरची कात्री’ असा संसार मांडून बसलेला शब्द आता परका राहिलेला नाही.

पण तो फक्त त्याच अर्थी वापरावा. १९५० मध्ये दिल्लीच्या ‘ऑर्गनायझर’ साप्ताहिकाला सगळा जातीय स्वरूपाचा मजकूर आणि पाकिस्तानविषयक बातम्या, छायाचित्रं, व्यंगचित्रं आधी तपासून घेण्याचा हुकूम निघाला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. ही सेन्सॉरशिप. २६ जून १९७५ ला भारत संरक्षण व अंतर्गत सुरक्षा नियमांतल्या नियम ४८ खाली देशभर जो आदेश निघाला, तीही सेन्सॉरशिप. कापलेल्या मजकुराच्या जागी काही पत्रांनी कोरी जागा सोडली, तेव्हा कोरी जागा सोडायलाही मनाई झाली, कारण ती कात्री वाचकाला दाखवून देत होती. त्या काळातही न्यायालयाची वाट पुरती बंद नव्हती. मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला, आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असताना, मुंबई उच्च न्यायालयाने ते हुकूम रद्दबातल ठरवले.

या कसोटीवर प्रश्नातलं संकेतस्थळ पाहा. मजकूर आधीच प्रसिद्ध झालेला होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली तो नंतर अडवला गेला. म्हणून नेमका शब्द ‘ब्लॉक केलं’ किंवा ‘प्रवेश रोखला’. सरकारी मराठीत ‘अवरोधित’ येतो, तो मला नाइलाजाचा वाटतो. अशा कुठल्याही बातमीत बातमीदाराने तीन गोष्टी शोधाव्यात. आदेश ६९-अ खालचा आहे की न्यायालयाचा? नेहमीच्या प्रक्रियेने निघाला की तातडीच्या? तातडीचा असेल तर प्रकरण ४८ तासांच्या आत, अशा विनंत्या तपासणाऱ्या सरकारी समितीपुढे जावं लागतं. आणि कारण कोणतं दिलं? ६९-अ मध्ये सार्वभौमत्व, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्र मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्याची चिथावणी एवढीच कारणं आहेत; अब्रूनुकसानी त्यात नाही. अडचण अशी की या कलमाखालच्या २००९ च्या नियमांतला नियम १६ तक्रारी आणि कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो, त्यामुळे कारण बहुधा हाती लागत नाही. तसं असेल तर ‘कारण जाहीर केलेलं नाही’ हे वाक्य बातमीत हवंच. ‘कलम ६९-अ खालच्या आदेशानुसार संकेतस्थळ भारतात ब्लॉक करण्यात आलं, कारण जाहीर केलेलं नाही, ही मुस्कटदाबी असल्याचं संपादकांचं म्हणणं आहे’ एवढं लिहिलं की चारांपैकी तीन शब्दांची गरज उरत नाही.

‘बंदी’ हा शब्दही असाच सैल सुटला आहे. पुस्तकावर ‘बंदी’ आली असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा राज्य सरकारने त्याच्या प्रती सरकारजमा झाल्याचं जाहीर केलेलं असतं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ९८. कायद्याच्या मराठीत याला ‘समपहरण’ म्हणतात. जप्ती वेगळी: जप्तीत वस्तू ताब्यात घेतात, समपहरणात मालकीच सरकारकडे जाते. फरक किरकोळ नाही, कारण समपहरणाच्या अधिसूचनेत सरकारला आपल्या मताची कारणं द्यावी लागतात, आणि राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिन्यांत उच्च न्यायालयात आव्हान देता येतं. ते तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठापुढे चालतं. ‘बंदी’ म्हटलं की ही सगळी वाट झाकली जाते.

‘राजद्रोह’ आणि ‘देशद्रोह’ यांची सरमिसळ तर रोजची. भारतीय दंड संहितेच्या कलम १२४-अ मध्ये होता तो राजद्रोह: कायद्याने स्थापन झालेल्या सरकारविषयी द्वेष, तुच्छता किंवा अप्रीती निर्माण करणं. टिळकांवरचे १८९७ आणि १९०८ चे खटले याच कलमाखाली चालले. देशद्रोह हे त्या संहितेतल्या कोणत्याही कलमाचं नाव नव्हतं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ चा वापर थांबवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह या नावाचा गुन्हा नाही. कलम १५२ भारताचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांचं आहे. आजच्या गुन्ह्याला ‘राजद्रोह’ लिहिणं कालबाह्य आणि ‘देशद्रोह’ लिहिणं आगाऊ निकाल दिल्यासारखं. कलमाचा आकडा आणि त्याचं वर्णन द्यावं, ते पुरतं.

राहिला ‘निर्बंध’. संविधानाच्या मराठी पाठात अनुच्छेद १९(२) ‘वाजवी निर्बंध’ म्हणतो. त्यातला ‘वाजवी’ १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला, आणि न्यायालयातली निम्मी लढाई त्या एका विशेषणावर चालते, म्हणून तो गाळू नये. स्वातंत्र्याला मर्यादा ‘असतात’, स्वातंत्र्यावर निर्बंध ‘घातले’ जातात. घालणारा कोण हे विचारता येतं तो निर्बंध. सावरकरी वळणाच्या लेखनात मात्र ‘निर्बंध’ म्हणजे चक्क कायदा, तेव्हा जुना मजकूर उद्धृत करताना जपून.

शेवटी शुद्धलेखन, कारण या विषयावर लिहिताना ‘अभिव्यक्ती’ हा शब्द लागतोच. एकटा शब्द ‘अभिव्यक्ती’, दीर्घ. समासात मात्र मूळ तत्सम रूप ऱ्हस्व राहतं, म्हणून ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्य’, ऱ्हस्व ‘क्ति’ आणि जोडून. विभक्ती लावली की पुन्हा दीर्घ: ‘अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य’.