भारत आणि अर्जेंटिना इतके लांब असूनही त्यांचे संबंध कशावर टिकून आहेत?

खाद्यतेलावर. १९२४ साली टागोर ब्वेनोस आइरेसजवळ लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पोंच्या पाहुणचारात राहिले होते. ती आठवण भाषणांत निघते आणि ती सुंदरच आहे. राजनैतिक संबंधही १९४९ पासूनचे. पण दोन्ही देशांना एकमेकांची रोजची गरज लागली ती सोयातेलामुळे.

सोयाबीनच्या दाण्यात तेल जेमतेम १८ ते २० टक्के, बाकी बहुतेक पेंड. चीनला डुकरं-कोंबड्यांसाठी पेंड लागते, म्हणून तो अख्खं सोयाबीन नेतो आणि घरीच गाळतो. अर्जेंटिनाने अनेक वर्षं दाण्यावर तेलापेक्षा जास्त निर्यात कर ठेवला. त्यामुळे रोसारिओच्या आसपास, पाराना नदीच्या काठाने, अवाढव्य गाळप कारखाने उभे राहिले आणि विकायला तेल उरलं. आपण तर निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरूनच आणतो. २०१० मध्ये चीनने गुणवत्तेचं कारण देऊन अर्जेंटिनाचं सोयातेल अडवलं (खरं भांडण चिनी मालावरच्या शुल्काचं होतं, असं तेव्हा सगळेच म्हणत होते), तेव्हा ते तेल भारताकडे वळलं.

आपलंही काही तिकडे जातं. पुण्याच्या बजाजची पल्सर तिथे 'राऊझर' नावाने धावते. २०२४ मध्ये काबिल या आपल्या सरकारी कंपनीला कातामार्का प्रांतात लिथियम शोधायला पाच क्षेत्रं मिळाली. तरी पारडं अर्जेंटिनाकडेच झुकलेलं आहे.

मी लातूरकडचा, घरी सोयाबीनच असतं. म्हणून हा विषय मला परराष्ट्र धोरणाचा वाटतच नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झालं, तेव्हा आमच्याकडे आशा वाढली. पण पेंडीला उठाव नव्हता, आणि ४,८९२ रुपये हमीभाव असताना मोंढ्यात माल त्याच्या खालीच गेला. पुढे मे २०२५ च्या अखेरीस, पेरणीच्या तोंडावर, शुल्क १६.५ टक्क्यांवर आलं. शहरातल्या स्वयंपाकघराला स्वस्त तेल हवं, हे मला मान्य आहे. पण बियाणं घरात आणून ठेवल्यावर शुल्क बदललं, तर शेतकऱ्याने हिशेब कशाच्या भरवशावर करायचा?

अर्जेंटिना, ब्राझील वगैरे दक्षिण अमेरिकी देशांच्या मर्कोसूर या व्यापारी गटाशी आपला २००९ पासून छोटा व्यापार करार आहे आणि तो वाढवायचं आता दोन्ही बाजूंनी ठरलं आहे. त्या बोलण्यांत तेलाचा विषय निघाला, तर पेरणीपासून काढणीपर्यंत शुल्काला हात लावायचा नाही, एवढी अट दिल्लीने स्वतःवर घालून घ्यावी.