रस्ता खोदताना विजेची केबल सारखी का तुटते? नकाशे नसतात का? आणि भरपाई कुणाकडे मागायची?

सोसायटीसमोर काँक्रीटचा रस्ता चाललाय, पंधरा दिवसांत तीनदा लाइट गेली, तिसऱ्या वेळी दोन फ्रिज आणि एक टीव्ही जळाला, हे सगळं तुम्ही लिहिलंय. पण माझं डोकं फिरलं ते शेवटच्या वाक्यानं. "ठेकेदाराचा माणूस म्हणतो केबल फारच वर होती, आमचा दोष नाही."

मी सव्वीस वर्षं केबल जॉइंटर होतो, म्हणजे तुटलेल्या विजेच्या केबल जोडणारा. हे वाक्य खड्ड्याच्या काठावर किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. घरातही ऐकतो, कारण माझ्या मेहुण्याचे दोन जेसीबी भाड्यानं फिरतात.

वर होती म्हणजे किती वर? ११ हजार व्होल्टची केबल ९० सेंटिमीटर खाली टाकायची असा नियम आहे, २२ आणि ३३ हजारांची १०५, घरांना जाते ती ७५. त्यावर वाळू, वाळूवर विटा किंवा फरश्या. आता काँक्रीट करायचं म्हणून तुम्ही ठेकेदार लोक आधी जुना रस्ता दोन फूट खरवडून नेता. तीन फुटांतले दोन गेले, उरला एक. त्या एका फुटात जेसीबीची बादली घालायची आणि वर होती म्हणून ओरडायचं! लाकूड तासत तासत खिळ्यापर्यंत तुम्हीच आलात, खिळा काही चालत वर आला नाही.

२०११ चा मे. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आसपास असंच काम चाललं होतं. नेमकी गल्ली सांगत नाही, मेहुणा हे वाचतो. मे महिना सुरळीत गेला, एकही फॉल्ट नाही. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि रात्री साडेदहाला फीडर ट्रिप, म्हणजे त्या भागाला वीज नेणारी मुख्य लाइन आपोआप बंद. परत चार्ज केला, परत ट्रिप. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावला तर केबलच्या तीन तारांपैकी एक सरळ जमिनीला लागलेली.

टेस्टिंगची गाडी आली. त्यातून केबलमध्ये दर काही सेकंदांनी विजेचा दाब सोडतात, जिथे फॉल्ट असेल तिथे जमिनीखाली धप्प वाजतं. रात्री दीड-दोनला, रिक्षा थांबल्या की, ते ऐकायचं. मी ओल्या खडीवर आडवा पडून कान लावला होता. मॅनहोलपाशी काही नाही, पिंपळापाशी काही नाही, एका बंद पानटपरीसमोर तळहाताला ठोका लागला. तिथेच खणायला सांगितलं. जेसीबीनं नाही, टिकाव-फावड्यानं.

तीन पोरांनी पाऊण तास खणलं. आधी विटांचे तुकडे निघाले, उलथेपालथे. मग केबल दिसली आणि तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी. तांदळाची पाच किलोची असते तशी, छान घडी घालून दोन वेढे दिलेली, वरून काळी टेप. पिशवी सोडवली तर आत आर्मरच्या, म्हणजे केबलवरच्या लोखंडी चिलखताच्या, पट्ट्या उचकटलेल्या आणि शिशाच्या आवरणाला दोन भोकं. बादलीचे दोन दात.

म्हणजे मे महिन्यात जेसीबी लागला होता. केबल तुटली नाही, फक्त टोचली, लाइट गेली नाही. ऑपरेटरनं किंवा मुकादमानं पिशवी बांधली, माती लोटली आणि विषय मिटवला. शिसं फुटलं की ओल आत जाणारच, पहिल्या पावसात नाही तर दुसऱ्या. तुटलेली केबल मला परवडते हो, ती लगेच बोंबलते. ही दबा धरून बसते.

जुनी कागदी केबल होती ती, आतल्या तारांना तेल मुरवलेला कागद गुंडाळलेली. ओल कुठपर्यंत गेलीय हे बघायला आतल्या कागदाची पट्टी गरम तेलात सोडतात. ओल असेल तर भजी टाकल्यासारखा चर्र आवाज येतो. एक हात कापलं, चर्र. आणखी एक हात कापलं, चर्र. दोन्ही बाजूंनी कापत गेलो आणि साडेसहा मीटर केबल गेली. मध्ये नवा तुकडा, दोन टोकांना दोन जॉइंट, वर ताडपत्री धरून. काम संपलं दुसऱ्या दिवशी दुपारी चारला. लोकांनी शिव्या कुणाला घातल्या? मला. पिशवीवाला कुठे होता कुणास ठाऊक.

त्या कामावर मेहुण्याचा जेसीबी होता हे मला नंतर कळलं. गणपतीत जेवताना विचारलं तर म्हणाला, "दाजी, त्या साइटवर काय माझं एकट्याचंच मशीन होतं का?" ते खरं आहे, तिथे तीन मशीन होती. पण भोकं पडलेला शिशाचा तुकडा मी अजून माळ्यावर ठेवलाय.

नकाशे असतात. पण जुन्या नकाशावर लिहिलेलं असतं "रस्त्याच्या कडेपासून दीड मीटर". रस्ता रुंद झाला, कड सरकली, आता मोजणार कुठून? म्हणून मशीन लावायच्या आधी हातानं आडवा चर घेऊन बघायचं असतं. त्यात अर्धा दिवस जातो आणि भाडं तासावर असतं, म्हणून कुणी घेत नाही. केंद्र सरकारनं २०२३ च्या मार्चमध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप आणलं. खोदणाऱ्यानं आधी त्यात कळवायचं, म्हणजे खाली ज्यांच्या लाइनी आहेत त्यांना निरोप जातो. देशात वर्षाला दहा लाखांच्या आसपास वेळा ऑप्टिकल फायबर तुटते, तीन हजार कोटींचं नुकसान होतं, असं सरकारनंच तेव्हा सांगितलं होतं. तुमच्या ठेकेदारानं त्यात कळवलं होतं का, एवढं लेखी विचारा. उत्तर काय देतो बघा.

भरपाईचं म्हणाल तर फ्रिज-टीव्ही बहुतेक न्यूट्रल, म्हणजे वीज परत जायची तार, तुटल्यामुळे गेले. न्यूट्रल गेला की घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास शिरू शकतात. खड्डा बुजवायच्या आत फोटो काढा, कामाचा बोर्ड फोटोत येऊ दे, वेळ लिहून ठेवा. वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्या, तशीच एक प्रत रस्त्याचं काम ज्या खात्याचं आहे तिथे. जळालेली वस्तू दुरुस्तीवाल्याकडून लिहून घ्या. पैसे मिळतीलच असं मी म्हणत नाही, कागद नसेल तर मात्र नक्की मिळणार नाहीत.

आणि हो, मेहुण्याचंही थोडं खरं आहे. पुण्यात काही ठिकाणी दोन फुटांवर कातळ लागतो. तिथे आमच्याच केबल टाकणाऱ्या लोकांनी कातळ फोडायचा ब्रेकर न मागवता दीड फुटावर केबल टाकून वर माती ओढलेली मी पाहिलीय. तुमच्याकडे तसं असेल तर ठेकेदार खोटं बोलत नाही. टेप घेऊन जुन्या फुटपाथच्या पातळीपासून मोजा, खड्ड्याच्या तळापासून नको.

मोजायला जाल तेव्हा, मशीन सुरू व्हायच्या आधी, खड्ड्यात नीट डोकावून या. केबलला कुठे पिशवी, सुतळी, टेप गुंडाळलेली दिसली तर हात लावू नका, फोटो काढा आणि तिथूनच वीज कंपनीला फोन करा.