वाचक विचारतात: काळी पिल्लं, पिवळे पाय आणि मुंगसावरचा आळ

प्रश्न : माझ्याकडं १२ कडकनाथ कोंबड्या आणि २ कोंबडे आहेत, दोघं एकाच रवणीतले (एकाच वेळी उबवलेल्या अंड्यांतले). शेजाऱ्याचा लाल गावरान कोंबडा कुंपणावरून उडून येतो. यंदाची पिल्लं बहुतेक काळीच निघाली पण चारपाच जणांचे पाय पिवळट आहेत. आता माझ्या कोंबड्या बाटल्या का? रवणीसाठी अंडी विकायचा विचार होता. (एक वाचक, खेड तालुका)

ताई, कोंबड्या अजिबात बाटल्या नाहीत. हा समज गावोगाव आहे की एकदा दुसरा कोंबडा लागला की कोंबडी कायमची बिघडली, तसं काही नसतं. कोंबडीच्या पोटात नराचं बीज साधारण दोन, फार तर तीन आठवडे टिकतं आणि त्याच्या जोरावर ती अंडी फळवत राहते. म्हणजे लाल कोंबडा बंद झाला, तुमच्या कोंबड्या जाळीत आपल्याच नराबरोबर राहिल्या, की पहिले तीन आठवडे जी अंडी येतील ती खायला विका, त्यानंतरची रवणीला धरा. एवढंच.

पण ती काळी निघालेली पिल्लं मात्र शुद्ध समजू नका हं. काळेपणाचा गुण जोरदार असतो, गावरानाशी संकर झाला तरी पिल्लू बऱ्याचदा काळपटच दिसतं, आणि इथंच लोक फसतात. काळं दिसलं की कडकनाथ म्हणून चढ्या भावानं विकत घेतात. हा पक्षी मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला, भिल्ल भिलालांनी सांभाळलेला, तिकडं कालीमासी म्हणतात, २०१८ मध्ये जीआय मानांकनही (त्या भागाची खास चीज म्हणून ओळख) मिळालं. नुसत्या पिसांवर जाऊ नका, तोंड उघडून जीभ बघा, तुरा, नखं, पायाचं कातडं, सगळं काळं नाहीतर काळपट जांभळं हवं. आणि कुणी काळी अंडी दाखवली तर हात जोडून घरी या, कडकनाथचं अंडं फिकट बदामी असतं.

दुसरी गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात पण मला तीच जास्त खटकली. दोन्ही कोंबडे भाऊ आहेत. कोंबड्यापण त्याच घरातल्या असतील तर दोनतीन पिढ्यांत अंडी कमी फळतात, पिल्लं किडकिडीत निघतात, आणि माणूस दोष देतो खाद्याला. दर वर्षा दीड वर्षानं नर बदला, लांबच्या गावातल्या कुणाशी अदलाबदल केली तर पैसेही लागत नाहीत. नवा आणलेला नर तीन आठवडे लांब वेगळा ठेवायचा, लगेच कळपात सोडायचा नाही. एका नरामागं आठ ते दहा माद्या पुरतात. कुठलं पिल्लू कुणाचं हे कळायला पायात रंगीत केबल टाय घाला, पाय वाढला की बदला मात्र, नाहीतर रुततो. कडकनाथ स्वतः रवणीला फारशी बसत नाही, तेव्हा खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) गावरान कोंबडीखाली दहाबारा अंडी द्या, आठवड्याच्या आतली, २१ दिवसांनी बघा.

प्रश्न : एका रात्रीत ९ कोंबड्या मेल्या. मानेला दातांच्या खुणा, दोघींची डोकी खाल्लेली, बाकी तशाच टाकलेल्या. सगळे म्हणतात मुंगूस. फासा लावू का औषध घालून मटण ठेवू? (एक वाचक, संगमेश्वर)

दादा, मुंगूस रात्री झोपतो! तो दिवसाढवळ्या येतो, पिल्लू नाहीतर अंडं उचलतो आणि पळतो. रात्रीचं काम बहुतेक उदमांजराचं, तुमच्याकडं कांडेचोर म्हणतात ते, नाहीतर रानमांजराचं. बंद खुराड्यात एकीला धरलं की बाकीच्या फडफडतात, आणि जनावर जे हललं त्याला चावत सुटतं, म्हणून खायचं एक आणि मारायच्या नऊ. कुत्र्यानं केलं असतं तर पिसं, आतडी अंगणभर दिसली असती. सापानं केलं तर मागं काहीच राहत नाही, अंडं नाहीतर पिल्लू अख्खं गायब. लहान पिल्लं एकेक करून कमी होतायत आणि कोपऱ्यात बीळ आहे, तर घूस.

खात्री करायची तर दाराशी बारीक राख पसरून ठेवा. चार बोटं, नखं उमटलेली नाहीत, तर मांजरकुळातलं. पाच बोटं, तर उदमांजर. नखासकट चार बोटं, तर शेजारचा टिप्या कुत्रा.

विष बिलकुल नको. मुंगूस, रानमांजर, उदमांजर ही सगळी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि विष आधी तुमच्याच कुत्र्याला लागायचं. शिवाय हीच जनावरं तुमच्या वाडीतले उंदीर खातात.

त्यापेक्षा आधी वर बघा. कोकणात खुराड्याच्या भिंती जांभ्याच्या, दार भक्कम, आणि वर कौलं नुसती ठेवलेली. उदमांजर कौल सरकवून उतरतं. माझं स्वतःचं असंच झालंय, महिनाभर मी दाराची कडी बदलत बसलो आणि येणारा वरून येत होता, सात तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) गेल्या तेव्हा डोक्यात उजेड पडला. कौलाखाली अर्ध्या इंची वेल्डमेशची (जोडलेल्या जाड तारेची) जाळी ठोका. षटकोनी भोकांची स्वस्त चिकन जाळी कोंबडी आत ठेवते, कुत्रा बाहेर ठेवत नाही, तो ती दातानं फाडतो. खालून उकरू नये म्हणून जाळी बाहेरच्या बाजूला दीडदोन फूट जमिनीवर आडवी पसरून वर माती दगड टाका, खड्डा खणण्यापेक्षा सोपं पडतं. आणि तिन्हीसांजेला मोजून आत घ्या, मोजूनच.

प्रश्न : घार पिल्लं उचलते. जुन्या सीडी टांगल्या पण चार दिवसांनी परत यायला लागली. (राहुरी)

येणारच, तिला कळतं की ह्या नुसत्या चमकतात. पहिले सहाआठ आठवडे पिल्लं जाळीखालीच ठेवा, मासेमारीची जुनी जाळी वरून ताणली तरी चालते. थोडी असतील तर आजीच्या पद्धतीचं डालगं (पिल्लांवर पालथी घालायची बांबूची टोपली) बेस्ट. पुढं मोकळी सोडाल तेव्हा लपायला तूर, घाणेरीचं झुडूप, काहीतरी जवळ असू द्या. उघडं चकचकीत अंगण माणसाला छान वाटतं, घारीला त्याहून छान.

प्रश्न : गिरिराज जातीच्या कोंबडीची अंडी रवणीला ठेवून तीच जात वाढवता येईल का?

पिल्लं निघतील पण आईबापासारखी नाही, ती मुळात संकरित आहे. कुणी उंच, कुणी बुटकं, अंड्यांचा भरवसा नाही. खायला ठेवा, शुद्ध पैदास म्हणून नको.

प्रश्न : देशी कोंबडीला लस लागत नाही म्हणतात, खरं का?

खोटं. मानमोडी (राणीखेत रोग) जातपात बघत नाही, कडकनाथही पटापट जातात. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या मानमोडीच्या लसीचा थेंब डोळ्यात, महिन्याच्या सुमारास परत, आठव्या आठवड्यात आरटूबी या त्याच रोगाच्या दुसऱ्या लसीचं इंजेक्शन. लस बर्फात आणा आणि घरी आल्या आल्या द्या, पिशवी चहाच्या टपरीवर ठेवून गप्पा मारत बसलात की तिचं पाणी झालं.