रग्बी युनियनची ‘लीग’ मराठीत कशी म्हणायची?

विचारणा थोडक्यात अशी. भाचा इंग्लंडात लीड्सला असतो आणि शनिवारी तिथल्या एका छोट्या क्लबाकडून रग्बी खेळतो. क्लबाच्या स्मरणिकेतला एक उतारा आजीला वाचता यावा म्हणून मराठीत करायचा आहे. उतारा लीड्स ज्या भागात आहे त्या यॉर्कशायरमधल्या ‘अमॅच्युअर रग्बी युनियन लीग’च्या इतिहासाचा. पहिल्या खर्ड्यात ‘हौशी रग्बी संघटनेचा संघ’ असं झालं आणि भाचा पोट धरून हसला. युनियन म्हणजे संघ, लीग म्हणजे संघ, टीम म्हणजेही संघच. मग लिहायचं काय?

आधी उत्तर देऊन टाकतो: ‘रग्बी युनियन’ तसंच ठेवा, ‘लीग’ची ‘साखळी’ करा आणि ‘हौशी’ला अजिबात हात लावू नका. आता कारणं. ती जरा लांबतील, कारण या तीन शब्दांवरून इंग्लंडात शंभर वर्षं भांडण झालं आहे, आणि ते पेटवण्यात यॉर्कशायर सगळ्यात पुढे होतं.

‘युनियन’ म्हटलं की आपल्याला, त्यातही मुंबईकराला, गिरणीच्या गेटावरचा लाल बावटा दिसतो. इथे चित्र नेमकं उलटं आहे. 1871 साली लंडनच्या एका रेस्टॉरंटात 21 क्लबांनी मिळून ‘रग्बी फुटबॉल युनियन’ काढली. ती चालवणारी बहुतेक बड्या शाळांतून शिकलेली खाऊनपिऊन सुखी मंडळी. शनिवारी दुपारी खेळायचं तर त्यांना कुणाची परवानगी मागावी लागत नव्हती. उत्तरेकडे, यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये, खेळ पोचला तो लोकरीच्या नि सुताच्या गिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींत. तिथला खेळाडू सामन्यासाठी परगावी गेला की त्याचा खाडा पडे. या खाड्याला तिकडे ‘ब्रोकन टाइम’ म्हणतात. तुमच्या उताऱ्यात हा शब्द असणारच, आणि ‘तुटलेली वेळ’ असं केलंत तर भाचा दुसऱ्यांदा हसेल. आपल्याकडे मजुराचा रोज बुडतो. तोच हा बुडालेला रोज.

यॉर्कशायरचं म्हणणं एवढंच होतं, की खेळाडूला बुडालेला रोज भरून द्यावा. 1893 साली युनियनच्या सर्वसाधारण सभेत त्यांनी तसा ठराव मांडला. तो 136 विरुद्ध 282 मतांनी आपटला. आपल्याकडे ‘हौसेला मोल नाही’ म्हणतात ते हौसेसाठी सैल हाताने खर्च करणाऱ्याबद्दल. युनियनने ही म्हण जणू शब्दशः घेतली: हौसेचं मोल द्यायचं नाही, घ्यायचंही नाही, मग पोटाला चिमटा बसला तरी बेहत्तर.

दोन वर्षांनी, 29 ऑगस्ट 1895 रोजी, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. रोजाच्या भरपाईची मर्यादा ठरली दिवसाला सहा शिलिंग. पण खरी गंमत नावात आहे. या बंडखोरांनी आपलं नाव काय ठेवलं? ‘नॉर्दर्न रग्बी फुटबॉल युनियन’. म्हणजे फुटून निघालेल्यांचीही युनियनच! मूळ युनियनने मोडून टाकलं असतं ते त्यांनी मात्र लगेच केलं. 22 क्लबांची एक साखळी बांधली आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी घरी एकदा, परक्या मैदानावर एकदा, असे 42 सामने लावले. पुढे 1906 मध्ये त्यांनी खेळाडू पंधराचे तेरा केले, म्हणजे खेळही वेगळा झाला. संस्थेच्या नावात ‘युनियन’च्या जागी ‘लीग’ आलं ते थेट 1922 मध्ये. स्पर्धेच्या पद्धतीचं नाव संस्थेला चिकटलं, आणि संस्थेचं खेळाला.

म्हणून ‘रग्बी युनियन’ आणि ‘रग्बी लीग’ ही आता दोन खेळांची विशेषनामं आहेत, पंधराचा तो युनियन आणि तेराचा तो लीग. मुंबई जिमखान्यावर पावसाळ्यात चिखलात लोळणारे पंधरा-पंधरा जण पाहिले असतील तर तुम्ही युनियन पाहिली आहे. विशेषनामाचं भाषांतर करू नये हा साधा नियम इथे कामी येतो. शिवाय मराठीत ‘संघ’ हा बिचारा शब्द आधीच ओझ्याने वाकलेला आहे. ‘रग्बी संघाने निर्णय घेतला’ म्हटलं तर पंधरा खेळाडूंनी घेतला की लंडनच्या कचेरीने, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

राहिली ‘लीग’. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘लिगारे’ आहे, म्हणजे बांधणं. आपली ‘साखळी’ही तेच करते: कड्यात कडं अडकवते, प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी घालून देते. ‘साखळी सामने’ आणि ‘बाद फेरी’ ही जोडी मराठी वर्तमानपत्रांत घट्ट रुजली आहे. शब्द आयता असताना नवा पाडायचा कशाला? आता कुणी म्हणेल, आयपीएलला कोण साखळी म्हणतं, ‘लीग’ हा शब्द मराठीच झाला की. झालाच आहे, ‘लीग सुरू झाली’ असं स्त्रीलिंगी रूपही त्याने घेतलं आहे. पण तुमच्या उताऱ्यात तो चालणार नाही. ‘रग्बी युनियनची लीग’ असं लिहिलंत की जाणकार अडखळतो: अरे, युनियन की लीग? ‘रग्बी युनियनची साखळी’ म्हटलं की घोळ संपतो. इंग्रजीला न जमणारी सोय इथे मराठीत फुकट मिळते आहे, ती सोडू नये.

इंग्लंडात मात्र हा घोळ बराच काळ झालाच नाही. कारण युनियनवाल्यांनी पुढची कित्येक दशकं साखळीच होऊ दिली नाही. साखळी आली की चुरस येणार, चुरस आली की पैसा येणार, हा त्यांचा हिशेब होता. युनियनच्या खेळाडूने नुसता एखादा लीगचा सामना खेळला तरी जन्मभराची बंदी. चाचणीपुरता चोरून खेळायला गेलेल्या खेळाडूचं नाव म्हणून यादीत ‘ए. एन. अदर’ असं छापत. आपल्या भाषेत श्री. अमुक तमुक.

मग सामने ठरायचे कसे? प्रत्येक क्लबात ‘फिक्स्चर सेक्रेटरी’ असे. त्याचं काम आपल्याकडच्या लग्न जुळवणाऱ्या काकांसारखं, तोलामोलाचं स्थळ बघून सोयरीक जमवायची. पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली घराणी ठरलेल्या शनिवारी एकमेकांशी खेळत. एखाद्या खाणगावाचा क्लब कितीही तगडा असो, लंडनचे बडे क्लब त्याला तारीख देतीलच असं नाही. लँकेशायरमधल्या ओरेल या क्लबाचं उदाहरण नेहमी देतात. ज्यांना पूर्वी बड्या घरच्या तारखा मिळत नव्हत्या ते, साखळी सुरू झाल्यावर 1991-92 मध्ये देशात दुसरे आले. पहिल्या आलेल्या बाथ क्लबाचे आणि त्यांचे गुण सारखेच होते. ‘फिक्स्चर’ला मराठीत ‘ठरलेला सामना’ म्हणा, पण त्या सेक्रेटरीला ‘सामने जुळवणारा चिटणीस’ म्हणा. ‘जुळवणारा’मध्ये ती सोयरीक आपोआप येते.

1970च्या दशकात दार किलकिलं झालं. तरी ‘लीग’ हा शब्द तोंडातून निघेना, म्हणून ‘मेरिट टेबल’ असं सोवळं नाव काढलं. यालाच मराठीत ‘गुणवत्ता यादी’ करण्याचा मोह होईल. करू नका. गुणवत्ता यादी म्हटली की दहावीचा निकाल आणि पेढे खाणारं कुटुंब डोळ्यांपुढे येतं. शिवाय मेरिट टेबलात सगळे क्लब सारखे सामने खेळतच नव्हते. सामने जुन्याच सोयरिकीचे, त्यामुळे कुणाचे आठ, कुणाचे बारा. मग जिंकल्याची टक्केवारी काढून क्रम लावायचा. ‘टक्केवारीचा तक्ता’ म्हटलंत तर वस्तू नेमकी कळेल.

अखेर 1987 मध्ये खरीखुरी साखळी आली. हजाराहून जास्त क्लब, शंभरावर साखळ्या, एकीवर एक रचलेल्या. यॉर्कशायरच्या छोट्या क्लबाने जिंकत राहायचं ठरवलं तर तो यॉर्कशायरच्या साखळ्यांतून ईशान्येच्या, तिथून सगळ्या उत्तरेच्या आणि शेवटी राष्ट्रीय साखळीपर्यंत चढू शकत होता. निदान कागदावर. या चढण्या-उतरण्याला काही वर्तमानपत्रं ‘पदोन्नती’ आणि ‘पदावनती’ लिहितात. मला त्यात सरकारी फायलीचा वास येतो. ‘वर चढले’, ‘खाली उतरले’ एवढं पुरे.

इथे एक सापळा आहे, सांगून ठेवतो. या स्पर्धेचं नाव होतं ‘करेज क्लब्ज चॅम्पियनशिप’. मराठीत कुणी ‘धैर्य करंडक’ लिहिलं तर नवल नाही. पण करेज ही बिअरची कंपनी, आणि ते नाव ती काढणाऱ्या जॉन करेजचं आडनाव. म्हणजे धैर्याचा संबंध असलाच तर चौथ्या ग्लासानंतर.

‘प्रादेशिक’ की ‘विभागीय’, हाही प्रश्न तुमच्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात होता. 1987 च्या रचनेत लंडन, मिडलँड्स, उत्तर आणि नैऋत्य असे चार भाग होते. त्यांना ‘विभाग’ म्हणावं. जिल्ह्याच्या वर आणि राज्याच्या खाली विभाग असतो हे आपल्याला पुणे विभाग, नाशिक विभागावरून ठाऊक आहे. पण 2022 मध्ये रचना बदलली आणि पाचव्या-सहाव्या पायरीचं नावच ‘रीजनल’ झालं, त्याखाली ‘काउंटीज’, म्हणजे यॉर्कशायरसारखे जिल्हेवजा भाग. पूर्वीची ‘यॉर्कशायर 1’ आता ‘काउंटीज 1 यॉर्कशायर’ म्हणवते. तेव्हा त्या पायऱ्यांना ‘प्रादेशिक’ आणि जुन्या चार भागांना ‘विभाग’, अशी वाटणी करा. काउंटीला मात्र काउंटीच राहू द्या. ‘परगणा’ म्हटलं की मला उगाच पेशव्यांचा कमाविसदार दिसायला लागतो.

आता ‘हौशी’. तुम्हाला शंका आहे की हा शब्द हलका वाटेल, ‘अव्यावसायिक’ बरा. नको. ‘अमॅच्युअर’च्या मुळाशी प्रेम करणारा आहे आणि ‘हौस’ अरबी ‘हवस’वरून आपल्याकडे आली. हिंदीत तिचं भलतंच झालं, मराठीत मात्र ती लेकराच्या बारशाला शोभेल इतकी सोज्वळ झाली. राज्य नाट्यस्पर्धेतले ‘हौशी’ कलावंत कधी कुणाला हलके वाटले नाहीत. शिवाय रग्बी युनियनच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने ऑगस्ट 1995 मध्ये, म्हणजे हडर्सफील्डच्या बैठकीला शंभर वर्षं पुरी होता होता, पैशाला दार उघडलं, तरी खालच्या साखळ्यांतला खेळाडू खेळण्यासाठी उलट वर्गणी भरतो. याला ‘अव्यावसायिक’ म्हणणं म्हणजे गणपतीत ढोल वाजवणाऱ्याला ‘बिनपगारी वादक’ म्हणण्यासारखं आहे. हौशे, नवशे, गवशे यांतले हे अस्सल हौशे.

जाता जाता एक खास आजींसाठी. यॉर्कशायरच्या करंडकाची स्पर्धा 1877 मध्ये सुरू झाली, साखळीच्या कितीतरी आधी. त्या करंडकाला तिथले लोक लाडाने ‘टाउड टिन पॉट’ म्हणतात, म्हणजे ‘ते जुनं टिनाचं भांडं’. आपला ‘टिनपाट’ याच इंग्रजी जोडशब्दावरून आलेला आहे. फक्त आपण त्यातला तुच्छपणा तेवढा उचलला, लाड तिकडेच राहिला. उताऱ्यात हा करंडक आला तर बेलाशक ‘आपलं जुनं टिनपाट’ लिहा. आणि ते पहिलं वाक्य असं होईल: ‘यॉर्कशायरमधल्या रग्बी युनियनच्या हौशी साखळीचा इतिहास’. भाच्याला वाचून दाखवा आणि हसला तर कळवा.