सुटं इंजिन गाडीत चढवण्याआधी

मित्रा, जुनं इंजिन मिळालं म्हणून लगेच खोलायला बसू नकोस. स्पार्क प्लग काढ, क्रँकच्या (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) पुलीच्या बोल्टला पाना लाव आणि दोन पूर्ण फेरे हाताने दे. कुठे अडलं नाही तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, गेजने तपास. एखाद्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा बघ. आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा. तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा (हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, गॅस्केट म्हणजे त्याखालचा सांधा बंद करणारा पातळ थर). (हे पेट्रोल इंजिनापुरतं. डिझेलमध्ये असं तेल ओतायचं नाही.)

आकडे चांगले असतील तर हेडला हात लावू नकोस, हे माझं ठाम मत आहे.

पैसे सीलवर, म्हणजे तेल अडवणाऱ्या कड्यांवर, घाल. मागचं क्रँक सील तर बदलच, कारण पुढे ते गळलं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. जुनं सील काढल्यावर क्रँकच्या त्या चकचकीत पट्ट्यावरून नख फिरव. नख अडकलं तर तिथे खाच पडलीय. नवं सीलही गळेल. त्यासाठी पातळ स्लीव्ह मिळते, ती बसव. ब्लॉकच्या कोअर प्लगांभोवती (भोकं बुजवणाऱ्या धातूच्या टोप्या) गंजाचे ओघळ दिसले तर तेही आत्ताच बदल. वॉटर पंप, थर्मोस्टॅट नवेच टाक.

पहिल्यांदा चालू करताना इंधन आणि इग्निशन बंद ठेव, थांबत थांबत स्टार्टर मार. ऑइल प्रेशरचा दिवा विझल्यावरच इंजिन पेटू दे.