वाचकांचे प्रश्न : निळी ट्यूब रेघेपर्यंतच का भरायची?

प्रश्न : वडील हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशननंतर रक्त पातळ करण्याची गोळी घेतात. दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी तपासणी) करावा लागतो. मागच्या वेळी घरी येऊन रक्त नेलं आणि तासाभराने लॅबमधून फोन आला, ‘ट्यूब अर्धीच भरली आहे, पुन्हा द्यावं लागेल.’ वडिलांची शीर आधीच सापडत नाही. तेवढ्या रक्तात तपासणी का होत नाही? (एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : लॅबने सॅम्पल परत केलं हे योग्यच केलं. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये 3.2 टक्के सोडियम सायट्रेटचं द्रावण असतं. 3 मिलीच्या ट्यूबमध्ये ते 0.3 मिली असतं आणि त्यावर 2.7 मिली रक्त यायला हवं, म्हणजे नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. सायट्रेट ते बांधून ठेवतं, म्हणून ट्यूबमधलं रक्त पातळ राहतं. लॅबमध्ये तपासणीच्या वेळी मोजून कॅल्शियम परत घालतात आणि गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते पाहतात.

ट्यूबमध्ये 1.5 मिलीच रक्त आलं तर प्रमाण नवाऐवजी पाचास एक होतं. जास्तीचं सायट्रेट लॅबने घातलेलं कॅल्शियमही बांधून घेतं, त्यामुळे गुठळी उशिरा होते आणि आयएनआर खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. तो आकडा पाहून डॉक्टरांनी गोळी कमी केली, तर कृत्रिम झडपेवर गुठळी बसण्याचा धोका असतो. म्हणून ट्यूब किमान 90 टक्के भरलेली नसेल तर सॅम्पल घ्यायचंच नाही, हा नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो.

अर्धी ट्यूब बहुधा बटरफ्लाय सुईमुळे येते. तिच्या लांब नळीतली हवा आधी ट्यूबमध्ये शिरते आणि तेवढं रक्त कमी ओढलं जातं. निळी ट्यूब पहिली असेल तर आधी एक फेकायची ट्यूब लावून नळी रक्ताने भरून घ्यावी. मुदत संपलेल्या ट्यूबचा व्हॅक्यूमही (रक्त आत ओढणारी पोकळी) कमी झालेला असतो, तारीख बघून घ्या. शीर बारीक असेल तर 1.8 मिली रक्ताची लहान निळी ट्यूब मागा. दोन अर्ध्या ट्यूब एकत्र ओतून एक भरलेली करणं मात्र साफ चूक आहे. सायट्रेटही दुप्पट होतं, प्रमाण तिथेच राहतं.

ट्यूब भरल्यावर तीन-चार वेळा हळूच उलटी-सुलटी करायची. नेताना झाकण बंद, तापमान 18 ते 25 अंश. मे महिन्यात इंदुरात दुपारी चाळिशीपार तापतं, तेव्हा सॅम्पल गाडीच्या डिकीत टाकून फिरू नये. पण बर्फातही ठेवू नये, थंडीने गोठण्यातला सातवा घटक जागा होतो आणि निकाल बिघडतो. नीट ठेवलेलं सॅम्पल आयएनआरसाठी 24 तास चालतं. एपीटीटी (रक्त गोठण्याचीच दुसरी एक तपासणी) सांगितली असेल तर चार तासांत लॅबला पोचवा.

डॉक्टरांसाठी एक जोड : हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) 55 टक्क्यांवर गेलेल्या रुग्णात ट्यूब पूर्ण भरूनही सायट्रेट जास्त होतं, कारण रक्तात प्लाझ्माच (पेशी सोडून उरलेला द्रव) कमी असतो. हिमॅटोक्रिट 60 असेल तर 2.7 मिली रक्ताला 0.2 मिली सायट्रेट पुरतं. लॅबला आधी कळवा, ते ट्यूब तयार करून देतात.

प्रश्न : सकाळी सातला घरी उपाशीपोटीच्या साखरेचं रक्त घेतलं, लॅबमध्ये दहाला पोचलं. रिपोर्टवर विश्वास ठेवावा का? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : कुठल्या ट्यूबमध्ये घेतलं त्यावर आहे. साध्या ट्यूबमध्ये रक्तपेशी साखर खात राहतात आणि ती तासाला साधारण 5 ते 7 टक्के घटते, उन्हाळ्यात आणखी भराभर. खरी साखर 130 असेल तर दोन तासांत 115च्या आसपास दिसते, आणि 126च्या वरचा मधुमेह हातातून निसटतो. करड्या झाकणाच्या ट्यूबमध्ये सोडियम फ्लोराइड असतं, ते हे थांबवतं. पण त्याचा अंमल पूर्ण बसायला एक ते दोन तास लागतात आणि तोवर थोडी घट होतेच, हे फारसं कुणी सांगत नाही. तेव्हा करडी ट्यूब, आठ-दहा वेळा हलकेच उलटवणं आणि थंड पेटीतून लवकर पोचवणं, हे तिन्ही हवं. एचबीए1सीला (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) जांभळी ट्यूब लागते.

प्रश्न : मी डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) करतो आहे. तापाच्या एका रुग्णाचे प्लेटलेट 38,000 आले, पण अंगावर एकही लाल ठिपका नाही. मॅडमनी स्लाइड करायला (काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला) आणि निळ्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घ्यायला सांगितलं. का? (एक विद्यार्थी, इंदूर)

उत्तर : मॅडमचं बरोबर आहे. जांभळ्या ट्यूबमध्ये पोटॅशियम ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं. काही जणांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात, जी ईडीटीएच्या सान्निध्यातच प्लेटलेट एकमेकांना चिकटवतात. मशीन अख्ख्या गुच्छाला एक मोठी पेशी समजतं आणि आकडा कोसळतो. रक्त जितका वेळ पडून राहील तितके गुच्छ वाढतात. स्लाइडच्या शेपटीकडच्या कडेला पाहा, ते तिथेच जमतात.

आधी मात्र ट्यूबमध्येच गुठळी नाही ना, हे लाकडी काडी फिरवून बघा. रक्त घेतल्यावर ट्यूब लगेच आठ-दहा वेळा उलटवली नाही तर बारीक गुठळी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकतात. जोराने हलवू नका, पेशी फुटतात.

निळ्या ट्यूबमधला आकडा 1.1 ने गुणायचा, कारण सायट्रेटमुळे रक्त पातळ झालेलं असतं. मशीनने 1,64,000 दाखवले तर खरे 1,80,400. काहींचे गुच्छ सायट्रेटमध्येही होतात, म्हणून स्लाइड सोडायची नाही. खात्री झाली की रिपोर्टवर स्पष्ट शेरा लिहा. डेंग्यूच्या दिवसांत असा रुग्ण दुसऱ्या दवाखान्यात गेला तर त्याला विनाकारण प्लेटलेट चढवायची वेळ येऊ नये.

प्रश्न : रिपोर्टमध्ये पोटॅशियम 8 (फार जास्त) आणि कॅल्शियम 5 (फार कमी), रुग्ण मात्र ठणठणीत. असं होऊ शकतं? (एक परिचारिका, इंदूर)

उत्तर : हो. जांभळ्या ट्यूबमधलं रक्त लाल ट्यूबमध्ये ओतलं की हेच दिसतं. ईडीटीएबरोबर पोटॅशियम येतं आणि कॅल्शियम बांधलं जातं, अल्कलाइन फॉस्फटेज या एन्झाइमचा आकडाही घसरतो. ओतलं नसलं तरी सिरिंजचं टोक जांभळ्या ट्यूबच्या आत टेकून मग लाल भरली तर तेवढंही पुरतं. क्रम असा ठेवा : ब्लड कल्चर, निळी, लाल किंवा पिवळी, हिरवी, जांभळी, शेवटी करडी. या रुग्णाचं नवं रक्त लगेच घ्या, पहिली ट्यूब लालच भरा, आणि निकाल येईपर्यंत ईसीजी काढून डॉक्टरांना दाखवा.